वस्तादाची सपाट रेघ

प्रति,
मा. मुख्य संशोधक,
स्नायू व हालचाल अभ्यास पथक,
मुक्काम विश्रामगृह, कोल्हापूर.

विषय : माझ्या उजव्या मांडीचे मोजमाप पुन्हा घेणेबाबत.
संदर्भ : आपल्या पथकाची ता. ७ फेब्रुवारी १९५६ ची तपासणी.

महोदय,

१. अर्जदार आकाराम भाऊ चौगुले, वय ५१, गेली बावीस वर्षे वडाच्या तालमीत वस्ताद आहे. स्नायू आवळला की त्यात किती वीज खेळते ते मोजणारे यंत्र घेऊन आपण तालमीत आलात व मांडीला धातूच्या चकत्या चिकटवून आम्हांस बैठका काढावयास लावल्या. माझा शिष्य कृष्णात खोत याच्या कागदावर जोतिबाच्या डोंगरासारख्या रेघा उठल्या. माझ्या कागदावर सरळ रेघ. आपण त्याची मांडी नमुनेदार ठरवून चित्रफितीसाठी त्यास पुण्याला बोलाविले.

२. त्या मांडीत एवढे काय आहे हे समजत नाही. ती मी घडविली आहे. नऊ वर्षांपूर्वी हा उचगावहून आला तेव्हा वीस बैठकांत बसकण मारीत होता. आता माझी बायको बाळाबाईसुद्धा "आमचा कृष्णात पुण्याला चाललाय की" म्हणून आळीभर सांगते. मला हे सोसवत नाही, असे स्पष्ट नमूद करतो. (लिहिणारा येथे थांबला. त्यास पुढे लिहिण्यास सांगितले.)

३. रेघ सपाट येण्याचे कारण तेल. चकत्या मांडीवर ठरेनात. त्या सकाळी मला मालीश कृष्णातनेच केले, सबब हा त्याचा डाव असावा असा माझा संशय होता. परंतु चौकशीअंती असे दिसते की, आपण काढणार त्या फोटोत अंग चमकावे म्हणून दुप्पट तेल मीच घालावयास लावले. त्याच्या अंगाला तेल नव्हते, कारण सगळे माझ्यावरच संपले.

४. तो कागद पाहून बाळाबाईने "यंत्र बंद हुतं व्हय?" असे विचारले. त्याच यंत्रावर कृष्णातच्या रेघा उठल्या, सबब मला हो म्हणता आले नाही. पथक शुक्रवारी जाणार असे कळते. तत्पूर्वी साबणाने धुऊन, राखेने घासून मी सांगाल त्या वेळी हजर होईन. आपल्या दप्तरी ती रेघ माझ्या नावाने राहू नये.

आपला, मांडी धुऊन वाट पाहणारा,
आकाराम भाऊ चौगुले
(निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची)
वडाची तालीम, कोल्हापूर.
ता. १३ फेब्रुवारी १९५६

सोबत : सपाट रेघेचा कागद, एक.

ता. क. तालमीत लिहिता येणारा मी एकटाच, सबब वस्तादांनी सांगितले तसे अक्षरन् अक्षर लिहिले आहे. वस्तादांची मांडी पुन्हा मोजल्याशिवाय मी पुण्यास येणार नाही, एवढे एक वाक्य माझे.
कृष्णात यशवंत खोत