पायऱ्यांवर बसलेल्या बाईची बातमी

आई, गेल्या महिन्यात मी काशीत होते. दुर्गाघाटावरच्या आपल्या खोल्यांत आता एक बंगाली कुटुंब राहतं. गल्लीतून खिडकीकडे पाहिलं, वर गेले नाही. गेले होते कामासाठी, आणि ते काम काय ते तुला आधी सांगायला हवं, कारण तू होतीस तेव्हा असलं काही नव्हतं. मी इंटरनेटवर लिहिते. त्याला ब्लॉग म्हणतात. संपादक नाही, डेस्क नाही. आपणच लिहायचं आणि आपणच छापायचं, म्हणजे तुला मुळीच न पटणारा प्रकार. नागपूरहून निघते, लहानसहान गावांत जाते, तिथल्या बातमीदाराला गाठते, एखाददोन दिवस त्याच्या मागे हिंडते आणि पाहिलं ते लिहिते. चंद्रपूरकडचा एक जण सकाळी औषधाचं दुकान चालवतो आणि दुपारनंतर बातम्या. हिंगोलीकडचा एक झेरॉक्सच्या दुकानातून बातम्या पाठवतो. गावात कोणी वारलं की घरचे कागद घेऊन त्याच्याकडेच येतात, त्यामुळे निधनाची बातमी त्याला सगळ्यांच्या आधी कळते, आणि तो सांगतो की ती त्याला कधीही आधी कळायला नको असते. लोक मला विचारतात, या माणसांत एवढं काय बघण्यासारखं आहे. मी काहीतरी उत्तर देते आणि वेळ मारून नेते.

काशीतल्या ज्या हिंदी दैनिकात तू बातमीदार होतीस, तिथे तुझ्याखेरीज दुसरी बाई नव्हती. तू सट्टीच्या बाजारातून भाजी घेऊन घरी यायचीस ती अर्धी बातमी डोक्यात घेऊनच. वरण उकळत असताना ओट्याला टेकून, गुडघ्यावर कागद ठेवून उरलेली लिहायचीस, मग पदराला हात पुसून पुन्हा ऑफिसात. मला त्यातलं एक दुपारचं दृश्य अजून दिसतं. मी आठवीत असेन. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी पळून गेली अशी खबर मी शाळेतून घेऊन आले आहे. तू पोळ्या लाटते आहेस. मी रंगवून सांगते आहे, कोणाबरोबर, कुठल्या गाडीने, आईबाप कसे रडतायत. तू लाटणं थांबवत नाहीस.

"कोणी पाहिलं?"

"सगळे म्हणतात."

"त्या सगळ्यांतल्या एकाचं नाव सांग."

मला सांगता येत नाही. "मग ताटं घे," तू म्हणतेस. एवढंच. ती मुलगी कुठे गेली होती ते मला कधीच कळलं नाही, आणि तुला माहीत असलं तरी तू सांगितलं नाहीस.

या वेळी ज्या बातमीदाराबरोबर हिंडायचं ठरलं होतं ती तिशीतली मुलगी आहे. स्कूटर चालवते, धुळीसाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळते, शहराची पानं सांभाळते. पहिला दिवस तिच्यामागे बसून महानगरपालिका, पोलीस चौकी, एक पडलेली भिंत असा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दशाश्वमेधाजवळ कचोरी खात होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"दीदी, आप मराठी हैं न? जरा अस्पताल आ जाइए. एक बूढ़ी अम्मा हैं, हिंदी बिल्कुल नहीं समझतीं. नर्स कहती हैं दक्षिण की हैं. मुझे तो मराठी लगी."

सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर ती बाई पडली होती. सत्तरीची असावी. हनुवटीवर गोंदण, अंगात ताप, हातावर सलाईन. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर ती काही दिवस बसून होती, मग तापाने आडवी झाली आणि नावाड्यांनी तिला उचलून आणलं, इतकंच दवाखान्याला माहीत होतं. मी खाली वाकून विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू मराठी हायेस?"

"हो."

"मंग इतके दिस कुठं व्हतीस?"

 मी तिला पाणी पाजलं. मग हळूहळू ती बोलायला लागली. "मह्या लेकानं सोडलं मला. यात्रेला म्हणून आणलं, घाटावर बसवलं, म्हणला आलोच, अन् गेला." गावाचं नाव विचारलं तर तोंड फिरवलं. "गावाचं काहून ईचारती? मला आता गाव नाही." मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तिचा अंगठा मोबाइलवर भराभर चालत होता. यात काही खोटं नाही, हे मला तुझ्याकडे बघून बघून कळलेलं आहे. तूही रडत रडत लिहायचीस.

आम्ही बाहेर येईपर्यंत वॉर्डाच्या दारात आणखी एक जण आला होता. त्याचं मोबाइलवरचं बातम्यांचं चॅनल. काठीला फोन लावून त्याने सरळ खाटेजवळ जाऊन बाईचं बोलणं टिपलं. मला म्हणाला, अर्थ सांगा. मी नाही सांगितला. त्याला दुसरं कोणी सांगणारं मिळालं असणार, कारण दुपारपर्यंत ते चित्रण हातोहात फिरत होतं: काशीत आईला टाकून पळालेला मुलगा. खाली लोकांच्या शिव्या.

दवाखान्यासमोरच्या चहावाल्याकडे आम्ही दोघी बसलो होतो. तिला ऑफिसातून फोनवर फोन. सगळ्यांकडे आहे, आपल्याकडे का नाही? आणि बातमी होतीच तशी. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ती लिहून तयार होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. बोलता बोलता ती बाई म्हणाली होती, "खुणा करून फूलवालीला ईचारलं, ह्यो कोनाचा घाट. ती म्हणली अहिल्याबाईचा. म्हणलं, आपल्याच बाईचा हाय, हितं बसावं, हितून कोन उठवतंय." मुलाने तिला तिथे आणून बसवलं असेल, तर बसायची जागा तिने कशी निवडली?

हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, वो झूठ क्यों बोलेंगी? माँ अपने बेटे पर ऐसा इल्जाम क्यों लगाएगी?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि मराठीत बोलले हे लक्षात आल्यावर हिंदीत म्हटलं.

तिने चहा संपवला. मग ऑफिसला फोन लावून म्हणाली, "सर, एक बात पक्की करनी है. आज नहीं दूँगी." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती फोन कानापासून थोडा दूर धरून ऐकत राहिली आणि शेवटी "जी सर" म्हणून फोन ठेवला. तिला या नोकरीत कायम केलेलं नाही, आई. ते "आज नहीं दूँगी" तिला किती महाग पडू शकलं असतं, ते मला तिच्याबरोबर हिंडल्यामुळे ठाऊक होतं.

पक्कं करायचं कुठून? माझ्याकडे फक्त बाईची बोली होती. "मह्या", "काहून". हिंगोलीकडचा माझा झेरॉक्सवाला असाच बोलतो. काही नाही तर नाही, म्हणून त्याला फोन लावला. वय, गोंदण, रंग, लुगडं, जे पाहिलं ते सांगितलं. त्याने मला मधेच थांबवलं.

"ताई, ही हरवल्याची बातमी तर मीच दिली व्हती. आमच्याच तालुक्यातल्या हायेत. यात्रेच्या दोन गाड्या. काशी सोडताना ह्या गाडीला वाटलं मावशी त्या गाडीत, त्यांना वाटलं ह्या गाडीत. अयोध्येला उतरल्यावर कळलं."

"आणि लेक?"

"लेक कुठं व्हता यात्रेत? तो घरी. खबर लागली तसा निघाला. अयोध्येत फोटो घेऊन दारोदार फिरतोय. लोकांना वाटलं तिथंच हरवली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यो व्हिडिओ इकडं पण आलाय. गावात लई बोलतायत त्याला. मी त्याला काशीला धाडतो, तो निघाला की तुम्हाला फोन करतो."

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी, पाय सुजलेले. आम्ही दोघी वॉर्डाच्या दाराशी होतो. मला वाटलं होतं तो रडेल किंवा ओरडेल. तो खाटेपाशी जाऊन नुसता उभा राहिला. ती भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "जेवलास का?"

"खोटं काहून बोललीस, आई?"

तिने डोक्याखालची उशी नीट केली. मग म्हणाली, "लेक हाय म्हणलं की घरी धाडतात. लेकानं टाकलं म्हणलं की ठेवून घेतात. मला हितं मरायचं व्हतं. हितं मेलं की सुटतं."

तो पिशवी खाली ठेवून खाटेच्या कडेवर बसला. "मेल्यावर आणीन की तुला हितं. मी आणीन. पण आत्ता कुठं राहायचं, ते तरी सांग."

 तिने पांघरुणाची कड बोटांत गुंडाळली, सोडली. "म्हैस कोन पिळतंय?"

"कोनालाच हात लावू देत नाही. लाथा मारती."

"तिच्याशी आधी बोलावं लागतं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळली.

त्या मुलीने मुलाला विचारलं, व्हिडिओबद्दल तुमची बाजू लिहू का. मी मराठीत सांगितलं. त्याने नको म्हणून मान हलवली. "त्याच्यात आईच बोलती. खोटं हाय म्हणून सांगितलं तर आई खोटी पडती. राहू द्या." त्याला गावात परत जायचं होतं, लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचं होतं, आणि तरी तो राहू द्या म्हणत होता. ते खाटेवरून ऐकून म्हातारी हाताच्या आधाराने उठून बसली. "लिव्हा," ती म्हणाली. "लेकानं नाही सोडलं. मीच गाडी सोडली. असं लिव्हा."

त्या मुलीच्या पेपरात तसंच छापलं गेलं. आतल्या पानावर, लहानशी, नावं न देता. हिंगोलीच्या माझ्या मित्राने तिकडे मात्र जाड अक्षरांत दिली, बाईचं ते वाक्य जसंच्या तसं. चॅनलवाल्याने व्हिडिओ काढून टाकला, पण चुकलं असं काही म्हणाला नाही. गावात अजून एखादा त्या मुलाला टोमणा मारतोच, असं ऐकते. तुझ्या वेळीही चुकीची बातमी पुढे धावायची आणि तिच्या मागून निघालेली खरी पोचेपर्यंत लोक उठून गेलेले असायचे. ती मुलगी नोकरीत आहे. मला निरोप द्यायला स्टेशनवर आली होती. तिथे मी तिला तुझ्याविषयी सांगितलं. तू वीस वर्षं लिहिलंस त्या दैनिकाचं नाव तिने ऐकलं होतं, तुझं नव्हतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं फारसं वाटलं नाही.

हे सगळं ब्लॉगवर घालायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आधी तुला लिहायला बसले. तू वाचलं असतंस तर शेवटी विचारलं असतंस की मुलगा अयोध्येहून निघाल्याचा फोन आला तेव्हा तुला काय वाटलं, ते कुठे आहे यात. ते मी लिहिलं नव्हतं. आनंद झाला, आई, पण लगेच नाही. मी त्या बाईच्या खाटेशी बसून तिला पेजेचे घोट पाजत होते, ती मला "सावकाश पाज गं" म्हणत होती. काशीत माझ्याशी असं मराठीत बोलणारं तुझ्यानंतर कोणी भेटलं नव्हतं. मुलाला यायला अजून दोनचार दिवस लागले असते, तरी मला चाललं असतं.