मागून आलेली नक्कल

सोमवार
पोचलो एकदाचा! बस चुकली, मग दुसरी गाठली, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. टॉवरखाली दोन खोल्या आहेत, एक माझी आणि एक यंत्रांची. माझ्या खोलीत खाट, शेगडी आणि एक कुरकुरणारी खिडकी. यंत्रांच्या खोलीत मात्र राजेशाही थंडावा. तिथेच राउटर आहे, टॉवरनं पकडलेलं फोनवरचं बोलणं पुढे शहरात पोचवणारा डबा. आधीचा तंत्रज्ञ किल्ल्या हातात कोंबून गेला. मी दोनदा नमस्कार केला, पण त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. शिष्ट असावा.

साहेबांनी फोनवर काम समजावलं. एकच बोलणं दोन वाटांनी जातं, एकदा केबलमधून आणि एकदा हवेतून. एक वाट तुटली तरी अडायला नको. पलीकडे जे आधी पोचेल ते खरं, मागून आलेली नक्कल टाकून द्यायची. मी म्हटलं, साहेब, मग माझं काही खरं नाही, मी जन्मात कुठे वेळेवर पोचलेलो नाही. ते खूप हसले.

मंगळवार
घरी फोन केला. बायकोला खोलीचं वर्णन सांगायला लागलो, तर म्हणाली, आत्ताच तर सांगितलंत, शेगडीसकट. आमच्या सहा वर्षांच्या ठकीलाही म्हणे माझी गोष्ट सांगून झाली होती. मी म्हटलं, माझी फिरकी घेऊ नकोस. ती म्हणाली, फिरकी तुम्हीच घेताय. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र जरा चुकल्यासारखं वाटत राहिलं.

गुरुवार
आज मी हॅलो म्हटलं ते तिला ऐकूच गेलं नाही. मला तिचं अगदी स्पष्ट येत होतं. ती कोणाशी तरी बोलत होती. मध्येच थांबायची, हुंकार द्यायची. मग "अहो, पुरे आता" म्हणून हसली. असं ती फक्त मला म्हणते. हल्ली किती वेळेवर फोन करता, म्हणून कौतुकही झालं. मी फोन ठेवून दिला.

शुक्रवार
साहेबांना फोन लावला. तेही आधीच बोलत होते. म्हणाले, शाब्बास, एकही बिघाड नाही, नुसत्या नकला टाकल्या जाताहेत आणि तेच तर काम आहे. रविवारी खुशाल घरी जाऊन या. मी रजा मागितलीच नव्हती.

घरी फोन लावला आणि तो कानाला धरूनच हवेची वाट बंद केली. बायको बोलतच होती. केबल उपसली. बोलतच होती. शेवटी राउटरच बंद केला. ती हसली.

मग मी कुठल्या वाटेवर आहे?

शनिवार
फोनवर बायको ठकीला सांगत होती, उद्या बाबा पहिल्या बसनं येणार. मी ओरडलो, दार उघडू नकोस. घसा बसेपर्यंत ओरडलो. ती म्हणाली, "बरं, दार उघडंच ठेवते."

मला पहिली बस गाठायलाच हवी. आयुष्यात एकदा तरी वेळेवर—

रविवार
पहिल्याच बसनं आलो. बसमध्ये मी एकटाच. स्टॉपपासून धावत आलो. तरी—

दाराबाहेर माझे बूट. तीच तुटकी नाडी, तोच टॉवरजवळचा लाल चिखल. माझ्या पायातही तेच.

दार उघडं ठेवणार होती. आता आतून कडी.

दार बडवलं. हात सोलले, आवाज नाही. शेजारच्या काकू जिन्यावरून माझ्या अंगावरूनच गेल्या. हाक मारली— मागे वळल्या नाहीत. बोललेलं पोचत नाही. पायरीवर बसून लिहितोय, लिहिलेलं तरी—

आत तो गोष्ट सांगतोय. माझ्या आवाजात. ठकी हसतेय.

थांबली. विचारतेय, बाबा, दाराशी कोण आहे?

तिला ऐकू गेलं. तिला एकटीलाच—

तो म्हणाला, "कोणी नाही गं. मागून आलंय. टाकून येतो."

पावलं. कडी निघतेय.

ठकी, त्याच्याजवळ थांबू नकोस. ठकी, मी आहे, मी बा