रस्त्यापलीकडची दोब्रा

२ सप्टेंबर १९१२, सोमवार

तीन दिवस आगगाडीत बसून आज सकाळी डेन्व्हरला उतरले. कानांत, केसांत कोळशाची भुकटी, पण मन कसं हलकं झालंय! फिलाडेल्फियात शर्टांना काजं करत सात वर्षं काढली. तिथल्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसायची. इथे पश्चिमेला डोंगरच डोंगर, आणि हवा अशी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात कडकडीत वाळते.

बालगृहात तेवीस मुलं आहेत. प्रत्येकाची आई नाहीतर बाप समोरच्या क्षयाच्या इस्पितळात. दोन्हींच्या मध्ये नुसता रस्ता. दोन्ही आपल्याच ज्यू लोकांच्या देणग्यांवर चालतात. मुलांचे कपडे, आंघोळी, वेण्या आणि उवा माझ्याकडे.

स्वयंपाकीण पेशामावशी रुमानियाची. मला बघताच म्हणाली, "मुलं सांभाळायला आलीस की समोर भरती व्हायला? काय हे हातापायांच्या काड्या! बस, आधी खा." सातूच्या सूपचे दोन वाडगे पोटात गेल्यावरच तिने मला उठू दिलं.

८ सप्टेंबर, रविवार

आज भेटीचा दिवस पाहिला. दुपारी तीनला चालता येणारे रुग्ण त्यांच्या कुंपणाशी येतात, मुलं आमच्या. मधला रस्ता कोणी ओलांडायचा नाही. शिवायचं नाही, पापा घ्यायचा नाही, हातचा खाऊ द्यायचा नाही. आमच्या मुख्य लिंडाउअरबाई म्हणाल्या की मला दगडाच्या काळजाची समजू नका. हा नियम नव्हता तेव्हा एकाच हिवाळ्यात अकरा मुलांना लागण झाली होती.

केवढा तो गलका! कोणाचा दात पडला, कोण पाढे शिकलं, सगळं ओरडून सांगायचं. राइझल तेवढी गप्प. सहा वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. तिची आई दोब्रा तपकिरी शाल पांघरून उभी होती. तीही बोलत नाही. आपल्याच तळहाताचा पापा घेते आणि रस्त्यावरून फुंकून देते. राइझल तो मुठीत पकडते आणि एप्रनच्या खिशात टाकते. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

केस विंचरताना राइझल म्हणाली की आईला समोर जाऊन अकरा महिने झाले, पण आई बरी झाली की स्वतः रस्ता ओलांडून येणार आणि सगळे पापे एकदम देणार.

११ सप्टेंबर, बुधवार

दोब्रा काल गेली. आज संध्याकाळपासून नवीन वर्षाचा सण, म्हणून सकाळीच पुरलं. लिंडाउअरबाईंनी ठरवलंय की महिनाअखेरीस शिकागोहून राइझलचा मामा येईल, तोवर तिला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्यांनी हळूच विचारलं की सहा वर्षांच्या मुलीला असं काही तुम्ही कधी सांगितलंय का? नव्हतं सांगितलं.

१५ सप्टेंबर, रविवार

सणाला मुलांनी सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून खाल्ल्या. राइझलने एक आईसाठी राखून ठेवली. मी ती कागदात गुंडाळून दिली.

आज तीनला तिचा हात धरून कुंपणाशी गेले. आई झोपलीये, असं सांगायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तिने हात हलवला. पलीकडे गर्दीत एक जागा मोकळी होती, माणूसभर रुंद. बाकीचे एकमेकांना कोपरं मारत उभे होते, पण त्या जागेत कोणी सरकत नव्हतं. राइझलने हवेत मूठ मिटली आणि खिशात घातली.

"आज आई त्यांच्या कुंपणाच्या अलीकडे आलीये," ती म्हणाली.

१८ सप्टेंबर, बुधवार

लिंडाउअरबाईंना सांगितलं. मुलं असे खेळ करतात म्हणाल्या. दूध वाढवा म्हणाल्या. पेशामावशीचे कणकेतले हात मात्र थांबले. "गप्प बस, मिरल. तिचं नाव काढू नकोस इथे." मग तिने राइझलच्या मनगटाला लाल दोरा बांधला.

राइझलचं वजन दीड पौंडाने उतरलंय.

२२ सप्टेंबर, रविवार

कालच्या प्रायश्चित्ताच्या उपासाने डोकं हलकं झालं असेल, असं सकाळपासून स्वतःला बजावतेय. पण उपास काल सुटला. आज मी पोटभर जेवले होते.

भेटीच्या वेळी राइझलला धुण्याच्या खोलीत नेऊन दार लावलं. तिथल्या खिडकीतून रस्त्याचा तुकडा दिसतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. तीनला तिने मान वर केली आणि हसली. मीही पाहिलं.

रस्त्याच्या मधोमध, लख्ख उन्हात, तपकिरी शाल.

दुधाची गाडी आली. घोडा अडला. गाडीवानाने शिव्या दिल्या, चाबूक मारला. शेवटी घोडा तिला वळसा घालून गेला. गाडीवानाला काहीच दिसलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

राइझलला ताप. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं. कोणी शिवलं होतं का, असं तीन-तीनदा विचारलं. कोणी नाही. कोणीच नाही!

तिला मागच्या वेगळ्या खोलीत ठेवलंय. मी बरोबर. आता रविवारची वाट बघावी लागत नाही. काल दोब्रा अंगणातल्या पंपाशी होती. आज पायऱ्यांवर.

२५ सप्टेंबर, बुधवार

मामाची तार आली. घरात चार लहान मुलं आहेत, आजारी मुलीला नेता येणार नाही. समोर मुलांसाठी खाट नाही. लिंडाउअरबाई दाराबाहेर उभ्या राहून रडल्या. आणखी काय करणार त्या?

मी राइझलला खरं सांगितलं, तुझी आई वारली. तिने माझाच हात थोपटला.

"मला माहितीये. तिनेच सांगितलं. आता ती बरी झालीये ना."

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज मांडवांचा सण, लिहायचं नसतं. पाप लागलं तर लागो. बाहेर मुलं मांडवात गाताहेत —

दोब्रा दारात आहे. मी हात जोडले. म्हटलं, बाई, तू आई आहेस, तुला नियम ठाऊक आहे, थांब. तिला ऐकू आलं. ती रडते आहे. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही — रडते, आणि पाऊल टाकते. तिलाच थांबता येत नाहीये.

२९ सप्टेंबर, रविवार

तीन वाजायला आलेत. दोब्रा खाटेच्या पायथ्याशी.

पेशामावशीला हाका मारल्या. ती दारापर्यंत आली, आत पाय टाकवेना तिला —

राइझल उठून बसलीये. गाल लाल. किती दिवसांनी अशी हसते आहे. तिचा हात माझ्या डाव्या हातात घट्ट धरलाय, उजव्याने लिहिते. लिहिणं थांबवलं तर वर बघावं लागेल.

राइझल म्हणते, आई विचारते आहे की मिरलताई माझा हात सोडेल का. जरा वेळच. आई म्हणते, सोडा ना, शेजारणीला विनवतात तसं —

नाही. नाही सोडणार.

किती हलका झालाय हा हात —

राइझल, माझ्याकडे बघ. माझ्याकडे —