दुसऱ्या टाकीचे लाड

३ मार्च
आत्या निवृत्त झाली, तिची खाणीवरची, टाक्या सांभाळायची नोकरी मला मिळाली. वर राहायला दोन खोल्याही! माझ्या लेकीने, चिमणीने, आल्याआल्या खिडकीजवळचा पलंग पटकावला. खाली दोन टाक्या. बंद खाणीतून झिरपणारा मिथेन त्यांतले जिवाणू खातात. उरलेला वायू नळीने वर येतो, त्यावर आमची शेगडी चालते. मिथेनने त्यांचं पोट भरतं, पण वाढायला नायट्रोजन लागतो. पहिल्या टाकीतल्यांना नायट्रेट भरवावंच लागतं. दुसरीतले हवेतूनही नायट्रोजन ओढतात, फक्त त्यात त्यांची दमछाक होते. तरी आत्या दोघींना नायट्रेट घालायची, दुसरीला आधी. का, तर म्हणे तिला शोधायची सवय लागू देऊ नकोस. आत्याचं सगळं असंच, कुंड्यांशीसुद्धा गप्पा मारते.

९ मार्च
दुसरीचे लाड बंद केले. हवेतून मिळतंय तर आयतं कशाला? टाकी ठणठणीत आहे. मी स्वतःवर जाम खूश.

१७ मार्च
दुसरीवर गुलाबी साय आलीय. शेगडीच्या नळीवरही तीच, पुसली तरी परत येते. चिमणीचा लोकरी स्वेटर उचलला तर हातात भुगा! त्याखालचा सुती फ्रॉक जसाच्या तसा. कसर लागली असणार.

१९ मार्च
कसर नाही. चामड्याच्या चपला गेल्या, रबरी राहिल्या. लोकरीत, चामड्यात नायट्रोजन असतो. सुतात, रबरात नाही. हवेतून ओढण्यापेक्षा हे सोपं. केसांतही असतो. नखांतही. देवा, हे मी काय केलं! दुसरीत नायट्रेटची अख्खी पिशवी ओतली. साय हलली नाही. आत्याला फोन केला तर ती रडायलाच लागली. आता ती साय टाकीतलं खायची नाही, म्हणाली, पोरीला घेऊन नीघ बयो. रात्री गाडी नाही, सकाळच्या पहिल्या गाडीने निघू.

२० मार्च, सकाळ
चिमणी उठेना. उशीवर केसांचा पुंजका. नखं भिजल्या कागदासारखी. दुखत नाही गं आई, म्हणते. उचलायला गेले तर दंडाची कातडी माझ्या हाताला — नको. आत्या डॉक्टरांना घेऊन निघालीय. वायू बंद केला. साय मागे गेली नाही. पलंगाच्या पायाशी आहे —

दुपार
आत्याचं बरोबर होतं. आधी तिला भरवायचं, म्हणजे ती शोधत नाही. माझी वेणी कापून पलंगापुढे टाकली. थांबली. वेणी संपली.
मग डावा हात टेकवला. सगळी साय इकडे वळली. खरंच दुखत नाही —
चिमणीचा श्वास चालू आहे. लांब गाडीचा आवाज — नाही, दुसरीच कुणाची. गेली.
आत्या, लवकर ये गं
डावा संपला. पुन्हा पलंगाकडे निघालीय. आता उजवा