प्रश्नाला लावलेला ‘ना’

मंगळवार, ३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुम्हाला, वहिनींना, लेकीला आणि जावयांना प्रभूमध्ये सलाम. इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला, तो मला आला, एवढंच. फोन तुम्ही उचलत नाही, त्याचा राग नाही. फोनवर मी तरी कुठे धड बोलतो? म्हणून पत्र.

तुमची चिठ्ठी डायरीत ठेवली आहे. ‘मंडळीच्या सेवेतून, डीकनच्या कामातून मला मोकळं करावं. माझ्या डोक्याचा आता भरवसा राहिला नाही. वडिलांचं असंच सुरू झालं होतं.’ खाली सही, आणि सोबत किल्ल्यांचा जुडगा. एकोणीस किल्ल्या आहेत. त्यातल्या सात कशाच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

चौदा वर्षं माझी समजूत होती की हे चर्च, ही मंडळी मी चालवतो. तुम्ही लेकीकडे गेल्याला महिना झाला नाही तोवर कळलं की मी फक्त बोलत होतो. खुर्च्या कोण मांडतं, माइकच्या बॅटऱ्या कोण बदलतं, छताची पन्हाळी कोण साफ करतं, ही कामं कधी कुणी ‘करतं’ असं मला वाटलंच नव्हतं. ती होत होती. परवाच्या रविवारी उपदेशाच्या ऐन मध्यावर आठवलं की पाण्याचा पंप सुरूच आहे. वाक्य अर्धं टाकून मागच्या दाराने पळालो. परत येतो तर शिंपीबुवांनी सगळ्यांना उभं करून गाणं सुरू केलेलं. घरी आल्यावर ही म्हणाली, “आजचा उपदेश फार परिणामकारक झाला हो. विशेषतः तुम्ही नव्हता तेव्हाचा.”

वार्षिक सभेत जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. आपली आठवण भरवशाची नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून माझ्या डायरीतून उतरवून देतो. ४ ऑगस्ट. सभा संपत आली असताना पेटीबाईंची भाची उभी राहिली. म्हणाली, “चाळीस वर्षं मावशीने इथे पेटी वाजवली. मार्चमध्ये खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घरी आणू, असं मंडळीने कळवलं होतं. मे गेला, जून गेला, जुलै गेला, आज असा चौथा रविवार. ती सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून, टेबलावर पांढरं कापड पसरून, दाराकडे तोंड करून बसलेली असते. कोणी येत नाही.” मी तुमच्याकडे वळून विचारलं. तुम्ही उठून म्हणालात, “असेल. माझ्याकडेच असेल. माफ करा.”

एवढंच झालं. माणूस आहे, विसरतो.

दुसऱ्याच दिवशी डीकन नर्सबाईंना घेऊन मी पेटीबाईंकडे जाऊन आलो. भाकरीचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसल्या. आता दर महिन्याला जायचं ठरवलं आहे.

तेव्हा परत या. एवढ्यासाठी कोणी डीकनपद सोडतं का?

तुमचा,
(अजून तरी) पाळक


मंगळवार, २४ सप्टेंबर

प्रिय दादा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, पण हिला वहिनींचं आलं. तिने ते वाचून माझ्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता शाळेत निघून गेली. ती काही बोलत नाही तेव्हा मला जरा जास्तच ऐकू येतं.

वहिनी लिहितात की तुम्ही गॅस बंद आहे का, ते तीन-तीनदा उठून बघता. प्रत्येक खणावर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. स्कूटरची किल्ली जावयांना देऊन टाकली. नातीला गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबता आणि “पुढचं आईला विचार” म्हणता. घराची कागदपत्रं कुठे असतात, ते वहिनींना दाखवून ठेवलंत. पुढच्या महिन्यात डोक्याच्या डॉक्टरांची तारीख घेतली आहे.

तीस वर्षं डेपोत नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारे फोरमन तुम्ही. तुमच्या खणांवर चिठ्ठ्या.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. पहिल्या तीनमध्ये पन्हाळी आणि खुर्च्या होत्या.

या महिन्यात पेटीबाईंकडे गेलो होतो. प्रार्थना झाली, मी भांडी गुंडाळत होतो. त्यांनी विचारलं, “फोरमन गेला तो माझ्यापायी ना?” मी म्हटलं, “नाही हो, त्यांची प्रकृती...” त्या म्हणाल्या, “प्रकृतीला काय धाड भरली त्याच्या? एप्रिलमध्ये इथं येऊन बसला होता. मला म्हणाला, बाई, तुमचं नशीब थोर, पाळकसाहेबांनी हे काम स्वतःकडे घेतलंय. म्हणून तर मी कपडे इस्त्री करवून घेत होते.”

मी विचारलं, “मग निरोप का नाही पाठवलात?”

“ती काय मागून घ्यायची गोष्ट आहे?” मग पांढऱ्या कापडाची घडी घालत म्हणाल्या, “भाचीला मी तुमचं नाव सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू, आपणहून कधी सांगतात.”

दादा, तुम्ही काहीही विसरला नव्हता.

१९ एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: ‘डीकनांची बैठक. पेटीबाईंचं घरी प्रभुभोजन. दादा म्हणाले, दोघं दोघं पाळीने जाऊ. म्हटलं, नको, मी बघतो. दादा: नक्की? मी: नक्की.’

हे पान मला आज सापडलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं. मी ते सभेच्या दिवशीच दुपारी वाचलं, जेवायच्या आधी. त्यानंतर सात आठवडे मी उपदेश केले, एक लग्न लावलं, दोन बाळांना आशीर्वाद दिला. तुमची चिठ्ठी आली तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. आणि तरीही मी तुम्हाला लिहिलं, ‘माणूस आहे, विसरतो.’ मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

सभेत मी नेमकं काय विचारलं, ते मागच्या पत्रात मुद्दाम गाळलं. मी म्हटलं होतं, “दादा, हे तुमच्याकडे होतं ना?” त्या क्षणी मला खरंच आठवत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. म्हणून बरेच दिवस स्वतःची समजूत घालत राहिलो की तो प्रश्न होता, आरोप नव्हता. पण प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावला की प्रश्न उरतो का? ‘तुमच्याकडे होतं का’ म्हणालो असतो तर तुम्ही आठवून बघितलं असतं. ‘होतं ना’ म्हटल्यावर तुम्ही स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. पाळक खोटं कशाला बोलेल? त्यापेक्षा आपलंच डोकं फिरलं असेल.

गप्प का राहिलो, याची कारणं डायरीत ओळीने लिहिली आहेत. मंडळीचा विश्वास उडेल, वर्षाची कामं अडतील, तुम्हाला सावकाश एकटं गाठून सांगू. सगळी वाचली. एकही खरं नाही. खरं एवढंच, की मला लाज वाटत होती, आणि तुम्ही ती आपणहून तुमच्या अंगावर घेतली होती. फुकट मिळालेली सावली सोडवत नाही.

याच्याही मागे एक गोष्ट आहे. तुम्ही डीकन म्हणून जे जे मागत आलात, ते मी कधी दिलं नाही. ‘मी बघतो’ म्हणत राहिलो. मला वाटायचं ही सेवा आहे. पण आजाऱ्यांकडे तुम्ही जायला लागलात, घरोघरी तुमची वाट बघायला लागले, तर माझ्याकडे उपदेशाशिवाय काय राहील, ही भीती त्यात होती. नेमलेल्या माणसांना काम न देणं ही चोरीच म्हणायची. मी चौदा वर्षं ती केली आणि थकल्याची तक्रारही केली.

पत्र टपालाने पाठवत नाही. मजकूर मी शिंपीबुवांना सांगितला. ते काजं करता करता ऐकत होते. मग सुई कापडात खोचून म्हणाले, “पहाटेची बस साडेपाचची आहे.” तेच घेऊन येतील. येत्या रविवारी मी हे सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे. पण आधी तुम्हाला कळायला हवं होतं.

डॉक्टरांकडे जरूर जा. अडुसष्टाव्या वर्षी तपासून घेतलेलं बरं. पण घाबरत जाऊ नका. आणि नातीला ती गोष्ट पुरी सांगा.

माफी मागतो. द्यावीच असा आग्रह नाही.

आधी विसरलेला आणि नंतर आठवूनही गप्प बसलेला,
प्रभूमध्ये तुमचा धाकटा भाऊ


मंगळवार, १ ऑक्टोबर

प्रिय दादा,

शिंपीबुवा शुक्रवारी परतले. मी दारातच गाठलं. आधी त्यांनी पाणी मागितलं, मग चप्पल तुटल्याची हकिकत सांगितली. माणसाचा जीव टांगायची कला ते कुठे शिकले कोण जाणे. शेवटी म्हणाले, “वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, तुझा पाळक गाढव आहे.”

“आणि?”

“आणि काय? वहिनी आत रडत होत्या. दादांनी उठून खणांवरच्या चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. दोन निघता निघेनात, तर मला म्हणाले, नखं वाढवलीस ना, लाव की जरा हात.”

ते ‘गाढव’ मी डायरीत तारखेसह लिहून ठेवलं आहे. इतका गोड शब्द मला बऱ्याच दिवसांत कोणी दिला नव्हता.

रविवारी सांगितलं. उपदेशाच्या जागेवरून सांगणार होतो; नर्सबाई म्हणाल्या, “तिथून नको. तिथून सगळंच उपदेश वाटतं. खाली येऊन सांगा.” खाली, पहिल्या रांगेपुढे उभा राहून १९ एप्रिलचं पान वाचलं. तुम्ही काही विसरला नव्हता, हे तीनदा सांगितलं. एक जण उठून निघून गेला. तो परत येईल की नाही, माहीत नाही. भाची शेवटपर्यंत बसली होती. जाताना म्हणाली, “माफ केलं असं आज म्हणणार नाही. पण मावशीला सांगते.” मला ते पुरेसं वाटलं. पुरेशापेक्षा थोडं जास्तच.

उपासनेनंतर डीकनांची बैठक घेतली. बैठक कसली, नर्सबाईंनी माझा वर्ग घेतला. मी सवयीने म्हणालो, “खुर्च्यांचं मी बघतो.” त्या म्हणाल्या, “साहेब, आमच्या वॉर्डात हा शब्द चालत नाही. बघतो म्हणणारा पेशंटला नुसता बघतच राहतो. ड्यूटी बदलताना देणारी खाटेशी उभी राहून सांगते, घेणारी तेच परत बोलून दाखवते, मग सही. काय घेतलं, कधी करणार, नाही जमलं तर कुणाला सांगणार.” शिंपीबुवा म्हणाले, “आणि त्यात साहेबांचं नाव किती वेळा?” नर्सबाई म्हणाल्या, “जितकं झेपेल तितक्या वेळा. एकदा.”

आता भिंतीवर कागद लावला आहे. आजाऱ्यांच्या भेटी डीकनांकडे, दोघं दोघं, पाळीने. म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही म्हणाला होतात अगदी तसंच. मी त्यांच्यासोबत जायचं, पण त्यांनी बोलावलं तर. उपदेश, शास्त्रपाठ आणि मरणाच्या वेळी जाणं माझ्याकडे. रिकामा वेळ म्हणजे काय ते मी काल प्रथमच पाहिलं. दुपारी दोन तास बसून पुढच्या रविवारचा उपदेश लिहिला आणि हिला वाचून दाखवला. म्हणाली, “हा पंपाकडे न पळता ऐकवण्यासारखा आहे.”

आता मुद्द्याचं. पेटीबाईंनी निरोप पाठवला, “आता घरी आणू नका. मला खाली न्या.” येत्या रविवारी त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणायचं ठरलं आहे. शिंपीबुवा, भाची, शेजारचे दोघं. मीही उचलतो म्हणालो, तर नर्सबाईंनी माझ्या कमरेचा इतिहास सगळ्यांपुढे वाचला. माझ्याकडे काम आलंय खालचं दार उघडं धरून उभं राहण्याचं. एकदा झटकन हो म्हणालो, मग परत बोलून दाखवायला लावलं.

हे ठरत असतानाच शिंपीबुवांना तुमच्या निरोपाचा राहिलेला भाग आठवला. (खणांवर चिठ्ठ्या खरं तर त्यांच्या असायला हव्यात.) तुम्ही म्हणाला होतात म्हणे, की पेटीबाईंना कधी खाली आणणार असाल तर सांभाळा: पायऱ्या एकोणपन्नास, दुसऱ्या वळणावर कठडा हलतो, आणि सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. मी काल जाऊन पाहिलं. मोजल्या. कठडा हलवला. खालच्या पायरीवर ठेच खाल्ली.

खुर्ची उतरवताना पुढे उलट्या पावलांनी चालत, वळणं आणि पायऱ्या सांगणारं एक माणूस लागतं. कागदावर ती एक ओळ रिकामी आहे. मी तिथे कोणाचं नाव लिहिलेलं नाही आणि तुमचंही लिहिणार नाही; ते तुम्ही लिहायचं, किंवा नाही लिहायचं. कळवायचं झालं तर मला नको, नर्सबाईंना कळवा. यादी त्यांच्याकडे आहे.

रविवारी सकाळी आठला,
खालच्या दाराशी,
तुमचा