शेवटची चकती

१२ जून, दुपारचे दोन

चि. गोगलगायीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. आपल्या दातांच्या दवाखान्याला नवा पडदा लावलाय, तुला मुळीच आवडणार नाही. दोन वर्षांत तुझ्या तीन चिठ्ठ्या आल्या, त्याही आईच्या नावे. असो. टोमणे मारायला बसले नव्हते.

बसले ते दोन टिकल्यांबद्दल सांगायला. हसू नकोस. दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या एकाच ट्यूबमधून दोन टिकल्या बनवल्या. एक तुझ्यासारखी पॉलिशच्या चारही चकत्यांनी घासली, खरखरीतपासून अगदी मऊपर्यंत, वर पेस्टने चमकवली. जीव मेटाकुटीला आला बाई! दुसरीवर नुसती खरखरीत चकती फिरवून सोडून दिली, माझ्या पद्धतीने. दोन्ही चहात बुडवल्या, रोज ताज्या. आई म्हणाली, "टिकल्यांना पूर्ण कप, आणि मला अर्धाच?"

महिन्याने धुऊन पाहिल्या. तुझी जवळजवळ होती तशीच. माझी पार तपकिरी. चहा ओरखड्यांत जाऊन बसलेला, ब्रशनेही निघेना.

मला हे आधी माहीत नव्हतं का? होतं गं. म्हणूनच तर लिहिते आहे.

ते गाण्याचे मास्तर आठवतात? त्यांच्या पुढच्या दोन दातांत फिलिंग तू केलंस. पॉलिश करायला घेतलंस, तर बाहेर सात जण ताटकळलेले. "सरक, तुझ्या नादात संध्याकाळ होईल," म्हणत मी तुला उठवलं, एक चकती फिरवली आणि मास्तरांना वाटेला लावलं. तीन महिन्यांनी ते डागाळलेले दात घेऊन आले, तेव्हा त्यांच्यादेखत मी म्हणाले, "धाकटीने हलकं मटेरियल वापरलं." आठवड्याभरात तू सामान बांधलंस. आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, की तिला मोठ्या शहराची हौस.

काल मास्तरांना बोलावलं. जुना थर काढला, नवा भरला, चारही चकत्या फिरवल्या आणि सांगितलं, "चूक तिची नव्हती, माझी होती." ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." तर सांगते. चुकलं गं माझं.

तुझी फार आठवण येते. तुझ्या स्टुलावर मी कोणाला बसू दिलेलं नाही. दुपारी पलीकडच्या खोलीतून तुझ्या मशिनची ती बारीक किरकिर ऐकू येत नाही, तर डबा उघडावासा वाटत नाही. पूर्वी त्याच आवाजाने माझं डोकं उठायचं.

आणि एक. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा तू बसवला होतास ना, चाळीस मिनिटं पॉलिश करत? मी तोंड उघडं ठेवूनही तुला शिव्या घालत होते. दिवसाला सहा कप चहा पिऊनही त्यावर डाग नव्हता. गेल्या आठवड्यात दाताने दोरा तोडताना तो निखळला. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला, "पाच मिनिटांत करून देतो." मी नको म्हटलं. तू ये. हवा तेवढा वेळ घे, बाहेर कितीही जण बसू देत. मी हूं की चूं करणार नाही.

तोवर तोंडावर हात धरून हसणारी,
तुझी ताई