तू मराठीत बोललेला फ्रेंच सिनेमा

आई, तुला फ्रेंच येत नव्हतं. मलाही नाही, बाबांनाही नाही. नव्वदच्या दशकात आपण कुवेतला, रिग्गईत राहत होतो. तिकडे नाशिकला आजी, तुझी आई, गेली, आणि तुला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. मग तू गेलीच नाहीस. रडलीही नाहीस. स्वयंपाक करायचीस, बाबांचा रिफायनरीचा डबा भरायचीस, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचीस. अशातच एका शुक्रवारी दुपारी डिशवर तो फ्रेंच सिनेमा लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठी तंबू ठोकून राहणाऱ्या माणसांची गंमत. एक जाडा गृहस्थ तंबू उभा करतो, तो त्याच्याच अंगावर पडतो, आणि बायको कंबरेवर हात ठेवून ओरडते. लसूण सोलता सोलता तू तिच्या ओठांबरोबर म्हणालीस, "तरी सांगत होते, भाऊजींना बोलवा म्हणून!" बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पुढचा सगळा सिनेमा तूच बोललीस. नळावर भांडणाऱ्या दोन बायकांना दोन वेगळे आवाज दिलेस. मी पडदा सोडून तुझ्याकडेच बघत होते. एवढी माणसं तुझ्या पोटात होती तरी कुठे?

पुढच्याच आठवड्यात बाबांनी कुणाकडून तरी तंबू मागून आणला. थंडीतला पाऊस होऊन गेला होता आणि नजर जाईल तिथवर वाळवंटावर हिरवी लव आली होती, मध्ये बारीक पिवळी फुलं. गाडीतून उतरल्यावर तू चपला हातात घेतल्यास. "यावर पाय कसा देऊ गं?" शेजारच्या मोठ्या तंबूतून एक कुवेती आजी चहाचा थर्मास घेऊन येते, आणि नेमका तेव्हाच आपला तंबू बाबांच्या अंगावर कोसळतो. तू तिला हातवारे करत तो सिनेमा सांगायला लागतेस, चक्क मराठीत. ती अरबीत भर घालते. कुणीच थांबत नाही. हसता हसता तिने तुझ्या मांडीवर जोरात थाप मारली, आणि तू एकदम रडायला लागलीस. "माझी आई अश्शीच मारायची हो," तू तिला म्हणालीस. तिने तुझं डोकं छातीशी घेतलं. "बिंती, बिंती," ती म्हणत राहिली. माझी लेक, माझी लेक. शाळेतल्या अरबीमुळे तेवढं मला कळलं. बाबा तंबूचा दांडा धरून तसेच उभे होते. मीही हलले नाही. देवळात घंटा वाजल्यावर क्षणभर होतं तसं मला झालं होतं.

तुला जाऊन आता वीस वर्षं होत आली. मध्यंतरी तो सिनेमा मला सापडला, खाली इंग्रजी अक्षरांसकट. तुझे संवाद खऱ्यांपेक्षा चांगले होते. माझी लेक मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. तिच्यासाठी मी आवाज बंद केला आणि तुझ्यासारखं बोलून पाहिलं. दोन वाक्यांत अडकले. "इट्स ओके, मम्मा," ती म्हणाली आणि तिनेच आवाज सुरू केला. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मला तुझी आठवण आली नाही, आई. हेवा वाटला.